परक्या पावसाचा पूर

शिरोळ तालुक्यात पडणारा पाऊस आणि शिरोळ तालुक्याला येणारा पूर यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सह्याद्रीच्या रांगेपासून दूर, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वसलेल्या या सपाट तालुक्यात वर्षाकाठी सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे त्याच जिल्ह्यातल्या गगनबावड्याला जेवढा होतो त्याच्या एका लहानशा हिश्श्याइतका. तरीही महापुराचा विषय निघाला की जिल्ह्यात पहिल्यांदा घेतले जाते ते शिरोळचेच नाव. महाबळेश्वर, कोयनानगर, चांदोली, राधानगरी आणि गगनबावडा या घाटमाथ्यावरच्या प्रदेशात जे पाणी कोसळते, त्याला पूर्वेकडे उतरण्याची वाट येथूनच आहे, आणि चार नद्यांनी आणलेले ते पाणी या तालुक्याच्या अंगणात एकत्र येते. आकाशात ढग नसताना, उन्हे पडलेली असताना, गावात पाणी शिरत आहे, हा अनुभव शिरोळकरांना नवा नाही.

या चार नद्यांची मांडणी समजल्याशिवाय येथील पुराचे गणित उलगडत नाही. सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि तेथून कृष्णा शिरोळ तालुक्यात येते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीला जन्मलेली पंचगंगा कोल्हापूर, इचलकरंजी असा प्रवास करून नृसिंहवाडीला कृष्णेत विलीन होते. आणि दक्षिणेच्या कडेला दत्तवाड-दानवाडच्या बाजूने दूधगंगा वाहते, जी पुढे कर्नाटकाच्या हद्दीत कृष्णेलाच मिळते. घाटातून वेगाने उतरलेल्या या नद्यांना येथे पोचेपर्यंत उतार जवळजवळ उरलेला नसतो, त्यामुळे त्या नागमोडी वळणे घेत, रेंगाळत चालतात. कृष्णा दुथडी भरून वाहत असली की पंचगंगेच्या पाण्याला तिच्यात शिरायला जागा राहत नाही, ते मागे सरकते, तुंबते आणि काठ सोडून रानात पसरते. खालच्या पाण्याच्या पातळीमुळे वरचे पाणी अशा रीतीने अडून चढण्याच्या या क्रियेला फुगवटा म्हणतात. फुगवट्याचे पाणी घाटातल्या पुरासारखे लोंढा होऊन येत नाही. ते इंचाइंचाने चढते, तितक्याच संथपणे उतरते, आणि म्हणूनच माणसाला निघून जाण्यास अवधी देते, मात्र पिकाला आणि घराच्या भिंतींना अवधी देत नाही. आठ-दहा दिवस पाण्याखाली राहिलेली मातीची भिंत पाणी ओसरल्यावर, ऊन लागल्यावर, खचते. उसाच्या शेंड्यावरून पाणी गेले आणि पोंग्यात गाळ बसला की उभा ऊस कुजतो.

आपत्तींची वर्गवारी करताना नैसर्गिक आणि मानवनिर्मित अशी दोन दालने पाडण्याची पद्धत आहे. भूकंप, पूर, वादळ हे पहिल्या दालनात. कारखान्यातील वायुगळती, धरणफुटी, आगी हे दुसऱ्या दालनात. ही विभागणी शालेय पुस्तकात सोयीची असली तरी तिच्याविषयीची शंका फार जुनी आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंप, त्सुनामी आणि आग यांच्या एकत्रित तडाख्यात उद्ध्वस्त झाली, तेव्हा व्हॉल्तेअरने काव्यातून विधात्याच्या न्यायबुद्धीलाच प्रश्न विचारला. त्याला पत्रातून उत्तर देताना रूसोने असे म्हटले की सहा-सहा, सात-सात मजल्यांची हजारो घरे त्या जागी दाटीवाटीने निसर्गाने बांधलेली नव्हती. हादरा निसर्गाचा, पण हानीचा आकार माणसांच्या वस्तीने ठरवलेला, हा विचार आजच्या आपत्तीशास्त्राचा पाया झाला आहे. या शास्त्रात धोका आणि आपत्ती हे वेगळे मानले जातात: नदीला पाणी येणे हा धोका, आणि त्या पाण्याच्या वाटेत कोण, किती आणि कशा अवस्थेत आहे यावर त्याची आपत्ती होते की नाही हे ठरते. भारताच्या २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानेही आपत्तीची व्याख्या करताना नैसर्गिक आणि मानवनिर्मित कारणे, अपघात आणि हयगय यांना एकाच वाक्यात बसवले आहे. शिरोळच्या इतिहासाकडे या नजरेने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते, जी वर्गवारीच्या दोन्ही दालनांत मावत नाही: येथे एका आपत्तीवर शोधलेला उपाय पुढच्या आपत्तीची सामग्री होऊन बसला आहे.

नदी काठ सोडते हे जुन्या वस्तीला ठाऊक होते आणि तिने ते गृहीत धरले होते. मराठी मुलखातल्या गावरचनेत घरांची जागा ती पांढर आणि पिकाची जमीन ती काळी. पांढर सहसा उंचवट्यावर असे, काळी सखल भागात पसरलेली असे. नदीलगतच्या मळीच्या रानात, म्हणजे दरवर्षीच्या पुराने आणलेल्या गाळाच्या पट्ट्यात, पाणी ओसरल्यावर पेर होई. कृष्णाकाठच्या वांग्यांना जी चव आहे असे सांगितले जाते तिचे श्रेय या गाळालाच दिले जाते. पूर हा नुकसान करणारा होता तसा खत घालणाराही होता. नृसिंहवाडीचे दत्तमंदिर या समजुतीचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. नृसिंहसरस्वतींच्या बारा वर्षांच्या वास्तव्याने पावन मानलेले हे क्षेत्र उंचावर हलवण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. नदीच्या अगदी लगत, शिखराविना उभ्या असलेल्या या मंदिरात पावसाळ्यात पाणी येणार हे धरूनच तेथील व्यवस्था चालते. पाणी चढू लागले की उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात नेली जाते, आणि पुराचे पाणी उत्तरेकडून आत शिरून पादुकांना स्पर्श करून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा झाल्याची वार्ता पंचक्रोशीत पसरते व भाविक त्या पाण्यात स्नानाला येतात. पाण्याला वाट करून देणारी ही वास्तू आणि पाण्याला अडवणारी आधुनिक बांधकामे यांतील फरक नंतरच्या काळात महागात पडला. अर्थात जुन्या काळाचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. गाव उंचावर होते तरी गावकुसाबाहेरच्या, ओढ्याकाठच्या, सखल जागेतल्या वस्त्या कोणाच्या होत्या हे सर्वांना माहीत आहे, आणि पाणी पहिल्यांदा त्यांच्याच घरात शिरे.

त्या काळात या मुलखाला खरी भीती पुराची नव्हती, अवर्षणाची होती. दख्खनच्या स्मृतीत दुर्गादेवीचा दुष्काळ चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून घर करून आहे. १६३० ते १६३२च्या दुष्काळाने गुजरातेपासून दक्षिणेपर्यंतची गावे ओस पाडली. आणि १८७६ ते १८७८च्या दुष्काळाने मद्रास, म्हैसूर, मुंबई या सर्व प्रदेशांत लाखोंचे बळी घेतले, त्याच वर्षांत देशाबाहेर धान्याची निर्यात चालू होती. पाऊस न पडणे निसर्गाचे, पण अन्न उपलब्ध असून ते विकत घेण्याची ऐपत न राहणे हे बाजाराचे आणि राज्यकर्त्यांच्या धोरणाचे, ही गोष्ट दादाभाई नौरोजींपासून अमर्त्य सेनांपर्यंत अनेकांनी आपापल्या परीने मांडली आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १८९४ साली कारभार हाती घेतला आणि दोन-तीन वर्षांतच दुष्काळ आणि प्लेग अशी दोन संकटे एकापाठोपाठ त्यांच्यापुढे उभी राहिली. पाणी अडवून ठेवले नाही तर प्रत्येक अवर्षणात हीच स्थिती येणार, या निष्कर्षातून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू झाले. ते पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. पाणी ठरावीक उंचीला पोचले की मनुष्यबळाशिवाय आपोआप उघडणारे त्याचे दरवाजे आजही पावसाळ्यात बातमीचा विषय असतात: एक दरवाजा उघडला की पंचगंगाकाठ सावध होतो.

पुढे कोयनेवर सुमारे १०५ टीएमसी, वारणेवर सुमारे ३४ टीएमसी आणि दूधगंगेवर काळम्मावाडीला सुमारे २५ टीएमसी साठ्याची धरणे झाली. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. नदीच्या पात्रात जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे उभे राहिले. पावसाळ्यात फळ्या काढून पाणी वाहू द्यायचे आणि पाऊस सरताना फळ्या घालून ते अडवायचे अशी या बंधाऱ्यांची साधी रचना. पंचगंगेवरचा तेरवाडचा, कृष्णेवरचा राज्याच्या सीमेजवळील राजापूरचा, असे बंधारे शिरोळच्या शेतीचा कणा झाले. सहकारी उपसा योजनांनी नदीचे पाणी जलवाहिन्यांतून रानात नेले, ज्वारीची जागा उसाने घेतली, शिरोळला श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि ज्या तालुक्याने दुष्काळाची धास्ती पिढ्यान्‌पिढ्या बाळगली तो तालुका राज्यातल्या सधन तालुक्यांत गणला जाऊ लागला. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राचा मोठा भाग खडी फोडत असताना बारमाही पाण्याची किंमत काय असते हे नदीकाठाला नीट कळले. एका आपत्तीवरचा उपाय इतका यशस्वी झाल्याची उदाहरणे फार नाहीत.

धरणांनी स्वतःचे धोकेही बरोबर आणले, हे महाराष्ट्राने लवकरच पाहिले. १२ जुलै १९६१ रोजी काम अपुरे असलेले पानशेत धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासला धरणही गेले आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला ६ रिश्टरहून अधिक तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे दगावली. जलाशयातल्या पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत झिरपणारे पाणी यांचा त्या भूकंपाशी संबंध आहे असे बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात, आणि जलाशयप्रेरित भूकंपाचे जगातील ठळक उदाहरण म्हणून कोयनेचे नाव आजही घेतले जाते. भूकंपाला मानवनिर्मित म्हणावे की नैसर्गिक, हा प्रश्न तेथे अडखळतो. इटलीतल्या वायोंत धरणाचे उदाहरण आणखी विचित्र आहे: ९ ऑक्टोबर १९६३ रोजी डोंगराचा एक अख्खा कडा जलाशयात घसरला, उसळलेली लाट धरणावरून पलीकडे गेली आणि खालच्या खोऱ्यात सुमारे दोन हजार माणसे मेली, धरण मात्र जागेवर उभे राहिले.

शिरोळवर धरणांचा परिणाम असा नाट्यमय रीतीने झाला नाही. तो हळूहळू, सवयीच्या मार्गाने झाला. दरवर्षी येणारे लहान-मध्यम पूर धरणांनी पोटात घेतले, नदी वर्षानुवर्षे पात्रात राहिली, आणि ज्या जागेवर आजोबांनी गोठाही बांधला नसता त्या जागेवर नातवाने स्लॅबचे घर बांधले. संरक्षणाची भावना वाढली की धोक्याच्या जागेतील वस्ती वाढते, असे जगभरच्या पूरमैदानांत आढळते. शिरोळ, कुरुंदवाड, सांगली आणि कोल्हापूर यांपैकी कोणीही त्याला अपवाद ठरले नाही. पांढरीची मर्यादा ओलांडून गावे सखल काळीत उतरली. रस्ते उंच झाले, पुलांच्या दोन्ही अंगांना मातीचे लांब भराव पडले, ओढे बुजले. लहान पूर बंद झाले, मोठा पूर मात्र बंद झाला नव्हता. तो फक्त विस्मरणात गेला होता.

तो आला २००५च्या जुलै-ऑगस्टमध्ये, आणि नंतर २०१९ व २०२१मध्ये. यांतील २०१९चा पूर सर्वांत व्यापक ठरला. त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घाटमाथ्यावर सलग अतिवृष्टी झाली, धरणे तोवर भरत आलेली होती, आणि धरणांच्या खालच्या भागात पडलेले पाणी, जे कोणत्याही दरवाजाच्या ताब्यात नसते, तेही प्रचंड होते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी असताना पंचगंगा ५५ फुटांवर गेली. सांगलीत आयर्विन पुलावर ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली. कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांतून चार लाखांच्या आसपास माणसांना हलवावे लागले, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला, आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून डझनाहून अधिक जीव गेले. पंचगंगेचे आणि कृष्णेचे, ही दोन्ही पाणी खाली शिरोळमध्येच भेटणार होती. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, औरवाड, आलास, बुबनाळ, शेडशाळ, राजापूर, खिद्रापूर, अकिवाट, बस्तवाड अशा गावांना पाण्याने वेढले, कृष्णेपलीकडील गावांचे तालुक्याच्या ठिकाणाशी असलेले दळणवळण तुटले, आणि उंचावरच्या जयसिंगपुरात व आसपासच्या कोरड्या गावांत शाळा, मठ, मंगल कार्यालये यांतून माणसांच्या आणि जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या. गुळाच्या काहिलीचा नावेसारखा वापर करण्याची नदीकाठची जुनी युक्ती अशा वेळी पुन्हा कामी येते. माणूस निघतो, पण दावणीची म्हैस सोडून निघत नाही. स्थलांतराच्या सूचना वेळेत देऊनही घरे रिकामी का होत नाहीत याचे उत्तर बहुतेकदा गोठ्यात सापडते. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, आणि दोनच वर्षांनी २०१९च्या पातळीशी बरोबरी करणारे पाणी पंचगंगेला आले, तेव्हा अशा पुराला शंभर वर्षांतून एकदाचा म्हणून सोडून देणे कोणालाच शक्य राहिले नाही. त्याहून लहान पुरातही जीव जातात: २०२४च्या ऑगस्टमध्ये अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर पुराच्या पाण्यातून निघालेल्या ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून माणसे वाहून गेली.

प्रत्येक पुरानंतर पहिला प्रश्न अलमट्टीचा निघतो. कर्नाटकात कृष्णेवर बांधलेल्या या धरणाची सध्याची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे, ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० साली मुभा दिली आणि महाराष्ट्राचा, विशेषतः शिरोळ-सांगलीचा, त्याला विरोध आहे. अलमट्टीत पाणी अडवले की त्याचा फुगवटा मागे हिप्परगी बंधाऱ्यापर्यंत आणि तेथून राजापूर-नृसिंहवाडीपर्यंत पोचतो, असा नदीकाठचा ठाम समज आहे, आणि खालचे पाणी सुटले की वरची पातळी उतरते हे पाहणाऱ्याला तो समज अनाठायी वाटत नाही. २०१९च्या पुराची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने मात्र त्या वर्षीच्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडण्यास नकार दिला. तिने अतिवृष्टी, धरणांखालच्या मुक्त पाणलोटातून आलेले पाणी आणि नदीपात्रातील व पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांकडे बोट दाखवले. तो निष्कर्ष नदीकाठाने मनापासून स्वीकारलेला नाही. वादाच्या गदारोळात एक साधे गणित हरवते: क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी, एक लाख क्युसेकने दिवसभर विसर्ग चालला तर साडेआठ टीएमसीहून थोडे अधिक पाणी जाते. २०१९च्या पुरात अलमट्टीतून ५ लाख क्युसेकांहून अधिक विसर्ग झाला, म्हणजे कोयनेसारखे एखादे भरलेले धरण अडीच दिवसांत रिकामे होईल इतके पाणी. अशा प्रवाहापुढे दोन-चार टीएमसी जागा रिकामी ठेवण्याने काही तासांचा दिलासा मिळतो. तो दिलासाही मोलाचा असतो, पण त्याने पूर टळत नाही. म्हणून कोणी किती पाणी कधी सोडावे याचे दोन राज्यांतील दररोजचे बोलणे महत्त्वाचे, आणि २०२१नंतर त्यात काहीशी सुधारणा झाली आहे. उंची वाढवण्याचा वाद वेगळा आहे आणि तो भविष्याविषयी आहे. मागच्या पुरात अलमट्टी दोषी नव्हते एवढ्यावरून ५२४ मीटरचे अलमट्टी निरुपद्रवी ठरेल असे निष्पन्न होत नाही. आणि अलमट्टी हेही उत्तर कर्नाटकाच्या दुष्काळावरचेच उत्तर आहे, ही गोष्ट शिरोळकरांना कटू वाटली तरी खरी आहे.

आणखी एक गैरसमज पूररेषांविषयी आहे. जलसंपदा विभाग नदीच्या नकाशावर दोन रेषा आखतो: सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या भागात अटींसह परवानगी. शंभर वर्षांचा पूर याचा अर्थ तो एकदा आला की शंभर वर्षे निश्चिंती, असा नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. तीस वर्षे टिकणाऱ्या घराच्या आयुष्यात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता या हिशेबाने चारात एकाहून अधिक भरते. पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील हे या हिशेबात गृहीत आहे, आणि हवामान बदलाच्या काळात नेमके तेच गृहीतक डळमळीत झाले आहे.

मग नदीला दोन्ही बाजूंनी उंच बांध का घालू नयेत, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. त्याचे उत्तर जगातल्या बांधांच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास फारसा आश्वासक नाही. बांधांच्या आड नदीचा गाळ पात्रातच साचतो, पात्र वर उचलले जाते, बांध आणखी उंच करावे लागतात, आणि एके दिवशी ते फुटले की पाणी गावाच्या पातळीपेक्षा वरून येते. चीनची पीत नदी शतकानुशतके अशीच वाहिली. १९३८ साली जपानी सैन्याला रोखण्यासाठी चिनी राष्ट्रवादी सरकारने तिचा बांध स्वतःच फोडला, त्यात शत्रूपेक्षा स्वतःच्याच प्रजेची, काही लाखांच्या संख्येने, आहुती पडली. १९२७ साली मिसिसिपीच्या महापुरात न्यू ऑर्लिन्स शहर वाचवण्यासाठी खालच्या बाजूचा बांध सुरुंगाने उडवण्यात आला आणि गरीब वस्त्यांचा मुलूख पाण्याखाली घालण्यात आला. बिहारच्या सीमेपलीकडे नेपाळात कोसीचा बांध ऑगस्ट २००८मध्ये फुटला तेव्हा नदीतला प्रवाह बांध ज्यासाठी उभारला होता त्याहून कितीतरी कमी होता. समुद्राशी झुंजण्यात हयात घालवलेल्या नेदरलँड्सनेही १९५३च्या जलप्रलयानंतर प्रचंड बांध बांधले. पण १९९३ आणि १९९५च्या नद्यांच्या पुरानंतर तो देश काही ठिकाणी बांध मागे सरकवून नदीला पसरायला जागा मोकळी करून देण्याच्या धोरणाकडे वळला. शिरोळच्या संदर्भात त्याचा अर्थ असा की पुलांचे भराव काढून त्या जागी कमानी करणे, बुजलेले ओढे मोकळे करणे यांसारखी, उद्‌घाटनाला फारशी न शोभणारी कामे नव्या भिंतीपेक्षा अधिक उपयोगी ठरतील. कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने जो प्रकल्प हाती घेण्यात आला आहे, त्याची परीक्षा याच कसोटीवर व्हायला हवी.

पुराची चर्चा मात्र आठ-दहा दिवसांच्या दृश्यांभोवती फिरते, आणि तेवढ्यात शिरोळची दुसरी आपत्ती दृष्टीआड होते. बारमाही पाण्याने उसाला बरकत दिली तशी जमिनीच्या पोटात पाण्याची पातळीही वर आणली. येथील काळी माती चिकण, पाणी धरून ठेवणारी, निचऱ्याला नाखूश. पाटाने आणि उपशाने रान सतत ओले राहिले की खालचे पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने वर ओढले जाते, पृष्ठभागावर वाफ होऊन उडते आणि आपल्याबरोबर आणलेले क्षार मागे ठेवते. पांढरा थर दिसू लागतो, उगवण विरळ होते, आणि सोडियमचे प्रमाण वाढले की माती चोपण, म्हणजे ओली असता चिकट आणि वाळली असता दगडासारखी, बनते. सुमेरियाच्या शेतीबद्दल असा एक प्रसिद्ध सिद्धान्त आहे की कालव्यांच्या पाण्याने जमीन खारावत गेली, तेव्हा तेथे गव्हाची जागा क्षार अधिक सोसणाऱ्या जवाने घेतली आणि पुढे तेही पीक खालावले. शिरोळ तालुक्यात अशा क्षारपड जमिनीचे क्षेत्र हजारो एकरांत मोजले जाते, आणि कधी काळी एकरी भरघोस ऊस देणाऱ्या रानांत बाभळी-लव्हाळे उगवलेले दिसले तर ते कोणत्याही एका वर्षाच्या, एका सरकारच्या किंवा एका ढगाच्या माथी मारता येत नाही.

या आपत्तीवरचा उपाय तंत्राच्या दृष्टीने कठीण नाही, सामाजिक दृष्टीने आहे. जमिनीखाली तीन-चार फुटांवर सच्छिद्र नळ्या अंथरायच्या, त्यांत झिरपलेले खारे पाणी मोठ्या नळीने ओढ्यापर्यंत न्यायचे, पावसाच्या आणि गोड्या पाण्याने वरचे क्षार धुऊन काढायचे, चोपणाला जिप्सम द्यायचे. एकट्या शेतकऱ्याने हे केले तर शेजारच्या रानातले पाणी त्याच्या नळ्यांत येते आणि त्याच्या पाण्याला ओढ्यापर्यंत जायला शेजाऱ्याचेच रान आडवे असते. म्हणून शिवारातील सर्वांनी एकदम हात घातल्याशिवाय नळीला उतार मिळत नाही. शिरोळच्या दत्त कारखान्याने गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र आणून, कर्जाची व्यवस्था लावून, ही निचरा योजना मोठ्या क्षेत्रावर राबवली, आणि पडीक झालेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. इतर जिल्ह्यांतले शेतकरी ती पाहायला येतात. पुन्हा ऊसच का, हा प्रश्न योजना पाहून परतणाऱ्या एखाद्या कृषितज्ज्ञाच्या मनात येतोच. पण कारखाना, पतपुरवठा आणि हमखास दर यांची साखळी ज्या एकाच पिकाभोवती विणलेली आहे, तेथे शेतकऱ्याला दुसरे पीक घ्यायला सांगणे सोपे आणि घेणे अवघड.

पूर आला की पंचनामे होतात, सानुग्रह अनुदान जाहीर होते, त्याच्या रकमेवरून मोर्चे निघतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्यासाठी केंद्र सरकारने ज्या आपत्ती अधिसूचित केल्या आहेत त्यांत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, कीडहल्ला आणि थंडीची लाट यांचा समावेश आहे. जमीन खारावणे त्या यादीत नाही, आणि तिचा पंचनामा करण्यासाठी कोणत्याही तलाठ्याला कोणत्याही ऑगस्टमध्ये आदेश येत नाही. निचऱ्याच्या नळ्यांची मुखे मात्र ज्या ओढ्यांत उघडतात ते ओढे नदीलाच मिळतात. महापुराच्या वर्षी त्यांत फुगवट्याचे पाणी मागे चढते, मुखांशी गाळ बसतो, आणि पूर ओसरल्यावर घराची साफसफाई आणि उसाची विल्हेवाट यांच्या जोडीने शेतकऱ्याला ती मुखेही स्वखर्चाने मोकळी करून घ्यावी लागतात.